वाहून आलेली चकती

वादळ ओसरलं की किनाऱ्यावर सगळ्यांच्या आधी पोचायचं, असा तिचा नेम होता. समुद्राने बाहेर टाकलेली लाकडं तिला लागत. पाण्याने गुळगुळीत झालेल्या, मिठाने पांढुरक्या पडलेल्या फळ्यांच्या ती तसबिरींसाठी चौकटी करायची आणि त्यावरच तिचं पोट चाले. पण त्या सकाळी ती पोचली तेव्हा दोर गोळा करणारा म्हातारा आणि त्याचा जावई आधीच हजर होते. चांगल्या चांगल्या फळ्यांवर त्यांनी दोराचे तुकडे टाकून ठेवले होते.

"दोर टाकला म्हणजे माल तुमचा झाला का?" तिने विचारलं.

"झाला," जावई म्हणाला.

"लाकडाचं करणार काय तुम्ही?"

"जाळू. तुझं काय जातंय?"

म्हाताऱ्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. ती दातओठ खात पुढे गेली, सांडपाण्याच्या नळाच्या पलीकडे, जिथे वासामुळे कोणी फिरकत नसे. तिथे शेवाळाचा कंबरेएवढा ढीग लागला होता. त्यातून एखादी तरी फळी निघेल म्हणून ती हाताने ढीग उपसायला लागली, तेव्हा तिच्या बोटांना काहीतरी गार आणि गोल लागलं.

पोलादाची चकती होती. मोठ्या नाण्याएवढी, कडेला एक भोक. अंगठ्याने चोळल्यावर एका बाजूला कोरलेले आकडे दिसले, चार शून्य एक सात. आकड्यांच्या वर एक छोटं चिन्ह होतं, तीन आडव्या लाटा आणि त्यांच्यावर पानासारखं काहीतरी. दुसरी बाजू कोरी होती. पण तिचा रंग विचित्र होता, निळसर-जांभळा, मध्येच पिवळट झाक मारणारा. फळी एकही मिळाली नाही. चकती एप्रनच्या खिशात टाकून ती घरी आली.

घर म्हणजे एकाच इमारतीत वसलेली दोन शत्रुराज्यं. खाली थोरल्या बहिणीची लाँड्री आणि तिच्या राहण्याच्या खोल्या, वर हिची, म्हणजे धाकटीची, एक खोली आणि गच्चीवरची पत्र्याची शेड. दोघींचे वडील खाली थोरलीकडे राहत. जिना बाहेरून होता, म्हणून निदान येता-जाता तोंडं बघावी लागत नसत. अंगणातला नळ मात्र एकच होता, आणि धाकटी त्यावर शेवाळ धूत बसली की थोरली हमखास दारात यायची.

"आली का घाण घेऊन?" थोरली म्हणाली. "त्या नळाचं पाणी माझ्या मशिनला जातं."

"मशिन तुझं, नळ बापाचा आहे."

"काय सापडलं एवढं? बघू."

धाकटीने चकती लांबूनच दाखवली. थोरलीने नाक मुरडलं. "कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला आहे. घाल गळ्यात, शोभेल तुला."

असंच चालायचं. याला सुरुवात झाली ती आईच्या आजारपणात. थोरलीने आईचं सगळं केलं होतं. औषधं, अंघोळ, रात्रीची जाग्रणं, सगळं. धाकटी तेव्हा दुसऱ्या शहरात एका फर्निचरच्या कारखान्यात होती. ती आली ती अगदी शेवटी, आणि थोरली सगळ्यांसमोर म्हणाली होती, "पाहुण्या आल्या. चहा ठेवा कोणीतरी." आईला विद्युतदाहिनीत नेलं, दुसऱ्या दिवशी रक्षेचा पितळी कलश मिळाला, आणि थोरलीने तो सरळ लाँड्रीच्या मागच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. धाकटीचं म्हणणं, रक्षा समुद्रात सोडायची. थोरलीचं म्हणणं, जिने आयुष्यात एकदाही हाक मारल्यावर ओ दिली नाही तिने आता आईचं काय करायचं ते शिकवू नये. कपाटाची किल्ली थोरलीच्या गळ्यात. रोज सकाळी ती कपाट उघडायची, कलशासमोर ताजी फुलं ठेवायची आणि आईशी बोलायची. आवाज मुद्दाम मोठा ठेवायची, म्हणजे वर ऐकू जावा. "आई, कालपण तुझी लाडकी उशिरा उठली बरं का."

याला दोन वर्षं होऊन गेली होती. तरी संध्याकाळी कशावरूनही वाजलं की गाडी कलशावर यायचीच. वडील अशा वेळी रेडिओ लावून बसत. ते बंदरातल्या गाळ काढणाऱ्या जहाजावर इंजिन मिस्त्री होते. उभा जन्म इंजिनाच्या खडखडाटात गेला होता. पण या दोघींच्या आवाजाने डोकं उठतं, असं ते म्हणायचे.

दुपारी थोरली माल पोचवायला गेल्यावर धाकटी वडिलांकडे गेली. यंत्राशी संबंधित काही असलं तर त्यांना कळेल, असं तिला वाटलं. ते खिडकीशी बसून नखं कापत होते.

"बाबा, हे काय असेल हो? इंजिनाचं काही आहे का?"

त्यांनी चकती हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. मग ती मांडीवर ठेवून पुन्हा नखं कापायला लागले.

"व्हॉल्वचा बिल्ला आहे. बॉयलरच्या व्हॉल्वला लावतात."

"कुठल्या बॉयलरच्या?"

"असेल कुठल्यातरी. राहू दे माझ्याकडे. टाकून देतो."

"टाकून कशाला द्यायची? चांगली आहे की. एखाद्या चौकटीवर ठोकेन."

"अगं, म्हटलं ना राहू दे!" ते एकदम खेकसले आणि त्यांनी चकतीवर हात ठेवला.

वडील असे कधी खेकसत नसत. धाकटीने त्यांच्या हाताखालून चकती ओढून घेतली. त्यांनी ती सहजी सोडली नाही. बाप-लेकीची क्षणभर अगदी लहान मुलांसारखी खेचाखेची झाली. चकती घेऊन ती बाहेर पडली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती. हे काय आहे ते त्यांना ठाऊक आहे आणि ते सांगत नाहीत.

तिने काही तास वाट बघितली असती तर कदाचित राग निवळला असता. पण वाट बघणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती तशीच बाजारातल्या नक्षीवाल्याकडे गेली. तो दारावरच्या पाट्या आणि बक्षिसांचे कप कोरून द्यायचा. त्यांचंही आपसात बरं नव्हतं, कारण तिने एकदा त्याच्या पाटीला लावलेली चौकट महिन्याभरात उकलली होती आणि तो ते प्रत्येक भेटीत काढायचा.

"चौकट घेऊन आलीस का दुसरी उकलायला?"

"एवढं बघ आणि मग बोल काय बोलायचं ते. बाबा म्हणतात, बॉयलरच्या व्हॉल्वचा बिल्ला आहे."

त्याने भिंग लावून चकती बघितली. "यंत्राने कोरलंय, हाताने नाही. आणि ही भट्टीतून गेलीये."

"कशावरून?"

"हा रंग बघ. पोलाद खूप तापलं की असा जांभळा येतो. बराच वेळ तापलंय हे. बॉयलरच्या व्हॉल्वला एवढी आच लागत नाही, तुझ्या वडिलांना म्हणावं." त्याने चकती तिरपी धरली. "आणि हे चिन्ह तू रोज बघतेस. पान नाहीये ते, ज्योत आहे. दाहिनीच्या फाटकावर हेच आहे, टेकडीवरच्या. आता चकती उचल इथून. माझ्या टेबलावर नको."

दाहिनीच्या कचेरीत काचेआड एक बाई बसली होती. चकती बघताच तिने आधी दार बंद आहे का ते पाहिलं.

"कुठून चोरलीत?"

"चोरायला ही काय सोन्याची आहे? समुद्रावर सापडली."

"समुद्रावर!" बाईच्या कपाळावर आठ्या पडल्या. "म्हणजे कोणीतरी परवानगी न घेता पाण्यात सोडलं. लोकांना सांगून सांगून जीभ झिजली आमची."

"पण हे आहे काय?"

"दहनाच्या वेळी ही सोबत आत जाते. राखेची अदलाबदल होऊ नये म्हणून. नंतर रक्षेबरोबर कलशात घालून देतो आम्ही. प्रत्येकाचा नंबर वेगळा."

"मग हा नंबर कोणाचा?"

"तुम्ही नातेवाईक आहात?"

"कोणाचा ते कळल्याशिवाय कसं सांगू?"

"मग मला नाव सांगता येत नाही. चकती इथे जमा करा आणि जा."

धाकटीने चकती मुठीत धरली. ती जमा करायला आली नव्हती. कोणाला तरी कोणाची तरी आठवण परत मिळेल, गावात आपलं नाव होईल, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं होतं. शिवाय थोरलीला सुनावता येईल की तो कुत्र्याचा बिल्ला नव्हता.

"माझ्या आईचं इथेच झालं," ती म्हणाली. "तेव्हा तर कोणी चकतीबिकतीचं बोललं नाही."

"प्रत्येकाला सांगतो. ऐकायला तुम्ही इथे होतात का?"

हे त्या बाईने सहज म्हटलं असेल, पण धाकटीला ते थोरलीच्या आवाजात ऐकू आलं. तिचा चेहरा उतरलेला बघून बाईला आणखी जोर चढला.

"कलशाच्या बुडाला हाच नंबर कोरलेला असतो. दुनियेची चौकशी करण्याआधी घरचा कलश उलटा करून बघा. आणि माझा वेळ खाऊ नका."

टेकडी उतरताना धाकटीला भीती वाटायला लागली. वडिलांनी चकतीवर ठेवलेला हात तिला आठवत होता. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीच्या खाली कुठेतरी तिला आनंदही होत होता. थोरलीच्या कपाटात आई नसली तर? रोजच्या त्या फुलांचं, त्या मोठ्या आवाजातल्या बोलण्याचं काय? हा आनंद चांगला नाही हे तिला कळत होतं, पण तिने तो आवरला नाही.

लाँड्रीत इस्त्रीची वाफ कोंडली होती. थोरली एका कोटाच्या बाह्यांना इस्त्री करत होती. वडील कोपऱ्यातल्या स्टुलावर टॉवेलांच्या घड्या घालत होते.

"कपाटाची किल्ली दे," धाकटी म्हणाली.

"काय?"

"कलशाचं बूड बघायचंय मला. फक्त बूड."

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

धाकटीने चकती इस्त्रीच्या टेबलावर आपटली आणि दाहिनीतल्या बाईने सांगितलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. वडिलांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. थोरलीने इस्त्री उभी केली, गळ्यातली किल्ली काढली आणि कपाट उघडलं. तिला वाटत होतं, आता हिचं तोंड कायमचं बंद होईल. तिने कलश दोन्ही हातांनी उचलला, वर धरला आणि बुडाकडे बघितलं. मग टेबलावरच्या चकतीकडे, आणि पुन्हा बुडाकडे.

"वाच ना," धाकटी म्हणाली. "मोठ्याने वाच. एरवी तर सगळं मोठ्याने बोलतेस."

थोरली वळली. "तू काढलीस. तू कपाट फोडून चकती काढलीस, आणि आता हे नाटक!"

"कुलूप तुटलेलं दिसतंय का तुला?"

"लाकूड कापणारी बाई तू. तुला कुलपाचं काय!"

"मग झाकण उघड. आई आत असेलच ना? उघड."

झाकण घट्ट बसलं होतं. थोरलीने टोकदार कात्रीने ते उचकटलं, टेबलावर एक धुतलेली पांढरी चादर पसरली आणि कलश हळूच कलता केला. आतून पिवळसर, जाड, कोरडी वाळू पडली. पडतच राहिली. शेवटी वाळूबरोबर एक सिगारेटचं थोटूक घरंगळलं आणि चादरीच्या मधोमध येऊन थांबलं.

लाँड्रीच्या दाराशी आग विझवायला वाळूची लाल बादली टांगलेली होती. माल आणणारा ड्रायव्हर त्यात सिगारेटी विझवायचा, आणि त्याला थोरली रोज ओरडायची. दोघींचीही नजर त्या बादलीकडे गेली.

 मग थोरलीने धाकटीचे केस धरले. "माझ्या आईच्या जागी हे! हे भरलंस तू!" धाकटीनेही तिच्या दंडात नखं रोवली. कोट खाली पडला, हँगरांचा स्टँड कलंडला. दोघी पन्नाशीला टेकलेल्या बायका, पण एकमेकींना सोडेनात.

"मी भरलं," वडील म्हणाले.

कोणी ऐकलं नाही. त्यांनी स्टूल उचलून फरशीवर आपटलं.

"मी भरलं! मी केलंय. सोडा एकमेकींना."

थोरलीच्या हातात धाकटीच्या केसांची बट तशीच राहिली.

"गेल्या वर्षी एकदा तू बाजारात गेली होतीस," ते थोरलीला म्हणाले. "अंघोळीच्या वेळी किल्ली काढून ठेवतेस, तेव्हा साबणावर ठसा घेऊन मी तिची दुसरी आधीच करून घेतली होती. ही वर झोपली होती. मी कलश पिशवीत घालून धक्क्यावर गेलो आणि तिला सोडलं पाण्यात. चकती चमकली, दिसली मला. वाटलं, गेली तळाला."

"आईने सांगितलं होतं तुम्हाला?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज अचानक मऊ झाला होता. "समुद्रात सोडा म्हणून?"

"काही सांगितलं नव्हतं तिने. समुद्र तिला आवडतही नव्हता. बोटीत पाय ठेवला की उलट्या."

"मग का?" थोरली किंचाळली.

"कारण रोज संध्याकाळी तुम्ही तिला ओढत होतात. एक इकडून, एक तिकडून. मी त्या भिंतीपलीकडे झोपतो. मला वाटायचं, ती ऐकतेय. जिवंत होती तेव्हाही ऐकायचीच. एकदा म्हटलं, पुरे. आता ती कोणाचीच नाही."

"आणि मी?" थोरली म्हणाली. "मी रोज त्या... त्या बादलीतल्या वाळूशी बोलत होते. तुम्ही रेडिओ ऐकत बसायचात. ऐकत होतात ना? तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही ऐकत होतात."

वडिलांनी आपटलेलं स्टूल सरळ उभं केलं.

"फुलं कुठली आणायची ते तुम्ही सांगायचात मला! पिवळी आण, तिला पिवळी आवडतात म्हणून!"

"आवडायची तिला पिवळी," ते पुटपुटले.

"बाबा, हा नीचपणा आहे," धाकटी म्हणाली. "मला तरी सांगायचं. मी रोज शिव्या खात होते त्या कलशासाठी. मला तरी सांगितलं असतंत."

"तुला सांगितलं असतं तर तासाभरात हिच्या तोंडावर फेकलं असतंस. आज फेकलंस तसं."

हे खरं होतं, म्हणून धाकटी अधिकच चिडली. मग दोघी मिळून त्यांच्यावर तुटून पडल्या. तुम्ही चोर आहात, तुम्ही आईला कधी विचारलं नाही आणि आम्हालाही नाही, जन्मभर इंजिनात डोकं खुपसून बसलात आणि घरातलं एकच काम केलंत ते हे. एकीने वाक्य सुरू करायचं, दुसरीने संपवायचं. कित्येक वर्षांत त्या दोघींचं एवढं एकमत झालं नव्हतं. वडील मान खाली घालून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैलावला. निदान यापुढे भांडणाला विषय उरला नाही, असं त्यांना वाटलं असावं.

तेवढ्यात थोरलीने टेबलावरची चकती उचलली.

"ती माझी आहे," धाकटी म्हणाली. "मला सापडलीये."

"आईची शेवटची वस्तू आहे ही. ती माझ्याकडे राहील."

"शेवाळात हात मी घातले!"

"आणि तिचं हागणं-मुतणं मी काढलं!"

"झालं का सुरू," वडील म्हणाले. "अगं, तो पोलादाचा तुकडा आहे. नंबर आहे नुसता. त्यात काही नाही."

थोरलीने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने चादरीने कलश आतून पुसला, चकती त्यात टाकली, झाकण बसवलं आणि कलश कपाटात ठेवून कुलूप लावलं. धाकटी तिच्या हातातली किल्ली हिसकावायला धावली. दोघींची झटापट पुन्हा सुरू झाली.

वडील उठले. आपल्या खोलीत गेले, बॅगेत कपडे आणि रेडिओ भरला आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. दोघींनाही ते बराच वेळ कळलं नाही.

ते धक्क्याजवळच्या एका गल्लीत, जहाजावरच्या जुन्या सोबत्याच्या घरी माळ्यावर राहायला गेले. थोरलीने त्यांचा पलंग काढून तिथे कपड्यांचं मोठं मशिन बसवलं. जो गेला तो आपल्या पायांनी गेला, असं ती गिऱ्हाइकांना सांगे. धाकटी काही आठवडे त्यांच्याकडे गेली नाही. मग एका सकाळी कामाच्या कपड्यांतच माळ्याचा जिना चढली.

वडिलांनी दार अर्धंच उघडलं. दाढी वाढली होती, पण झोप चांगली होत असावी, कारण डोळे स्वच्छ दिसत होते.

"काय पाहिजे?"

"बाबा, धक्क्यावर नेमकं कुठे? कुठल्या बाजूला सोडलंत तिला? मला एकदा जाऊन यायचंय. बाकी काही नाही."

त्यांनी दार आणखी उघडलं नाही.

"काल तुझी बहीण येऊन गेली," ते म्हणाले. "तिनेही हेच विचारलं."

"तिला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला सांगा."

"तुलाही नाही. जागा कळली की तिथे उभं राहून पहिलं कोण आलं त्यावरून भांडाल."

"नाही भांडणार."

"तिनेही अगदी असंच सांगितलं," ते म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. धाकटीने दारावर एकदा, दोनदा मूठ आपटली. मग ती रागाने फणफणत खाली उतरली.